पोकरमध्ये अडकलेला खेळ पुढे कसा न्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षं नो-लिमिट टेक्सास होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, बेटच्या रकमेला मर्यादा नाही) खेळून झालंय, नियम आणि हातांची क्रमवारी पाठ आहे, कुठली पानं चांगली हेही कळतं. तरी महिन्याअखेर हिशेब उणेच निघतो. खेळ सुधारायचा तर नेमका कशाचा अभ्यास करावा? सॉल्व्हर, म्हणजे अचूक खेळ मोजून देणारा संगणक प्रोग्राम, घ्यावा का? कॅश गेम (चिप म्हणजे थेट पैसे) सोडून टूर्नामेंटकडे (शेवटपर्यंत टिकणाऱ्यांना बक्षीस) वळावं का?

या टप्प्यावर अडकलेल्या खेळाडूंचे डाव पाहिले की एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी दिसते. त्यांचा प्रत्येक निर्णय "माझ्याकडे काय आहे?" या प्रश्नातून निघतो. वरची जोडी (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली) लागली, म्हणून कॉल, म्हणजे समोरच्याएवढे पैसे टाकणं. काहीच लागलं नाही, म्हणून फोल्ड, म्हणजे पानं टाकणं. एक्क्यांची जोडी आहे, मग कितीही पैसे गेले तरी सोडायची नाही. हा प्रश्न नवशिक्याला पुरतो, पण तुम्हाला आता पुरणार नाही. तुमचा प्रश्न असा हवा: समोरच्याने आतापर्यंत जे केलं ते पाहता त्याच्याकडे कोणकोणते हात असू शकतात, आणि त्यातल्या किती हातांपुढे मी आहे? त्याच्या एका हाताचा अंदाज बांधायचा नाही. शक्य असलेल्या सगळ्या हातांचा संच, म्हणजे रेंज, डोळ्यापुढे आणायची. हे वाचायला सोपं आहे, पण सवय लागायला महिने जातात. पुढे जे लिहितोय ते सगळं या सवयीसाठीच आहे.

सुरुवातीच्या पानांबद्दल फार बोलत नाही, कारण इथली शिस्त तुलनेने लवकर येते. 52 पानांतून दोन पानांचे 1,326 वेगवेगळे संच, म्हणजे कॉम्बो, होतात. कुठलं चिन्ह आहे हा फरक सोडला तर उरतात 169 प्रकार. कुठलीही ठरावीक जोडी 6 प्रकारे येते. एक्का-राजा 16 प्रकारे येतो, त्यातले 4 सुटेड (एकाच चिन्हाचे) आणि 12 ऑफसूट (वेगळ्या चिन्हांचे). हे आकडे तोंडपाठ करा, लगेच लागणार आहेत. दुसरं असं की हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांवर) किमान एक जोडी लागण्याची शक्यता साधारण 32 टक्के असते. म्हणजे तीनपैकी दोन वेळा फ्लॉप तुम्हाला चुकवणारच. "बघू तरी फ्लॉप" म्हणून कमकुवत पानांवर टाकलेले छोटे कॉल महिन्याअखेर किती मोठे होतात, ते यावरून कळेल.

खेळायचंच असेल तर रेझ करून, म्हणजे बेट वाढवून, आत या. नुसता ब्लाइंडएवढा (स्मॉल आणि बिग ब्लाइंड या दोन जागांवरच्यांनी पानं पाहण्याआधी सक्तीने टाकायच्या रकमांतल्या मोठ्या रकमेएवढा) कॉल करून म्हणजे लिंप करून आत येणं ही छोट्या टेबलांवरची सर्वांत महागडी सवय आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी 2019 मध्ये सहा जणांच्या टेबलावर खेळणारा प्लुरिबस हा प्रोग्राम जाहीर केला. तो माणसांचे डाव पाहून शिकला नव्हता, स्वतःशीच खेळून शिकला होता. तरीही स्मॉल ब्लाइंड सोडून बाकी कुठल्याही जागेवरून लिंप करणं तोट्याचं, याच निष्कर्षाला तो आला. चांगला हात हळू खेळायचा मोह आवरण्यासाठी आणखी एक आकडा देतो. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातापुढे 85 टक्के जिंकते, पण असे पाच जण आत आले तर तीच जोडी 50 टक्क्यांच्याही जरा खाली येते. सगळ्यांना स्वस्तात आत येऊ दिलं की तुमच्या सर्वांत चांगल्या हाताचं असं होतं.

पोझिशनला, म्हणजे बसायच्या जागेला, मात्र वेळ द्या. बटनवर (पानं वाटणाऱ्याची मानलेली जागा) बसलेला खेळाडू फ्लॉप, टर्न (चौथं पान) आणि रिव्हर (पाचवं पान) या तिन्ही फेऱ्यांत सर्वांत शेवटी निर्णय घेतो. समोरच्याने चेक केलं (पैसे न लावता पाळी पुढे दिली) की बेट लावली, लावली तर किती, हे त्याला आधी दिसतं. रेंजचा विचार करायचा तर माहिती हवी, आणि ती इथे फुकट मिळते. आपले मागचे डाव जागेप्रमाणे वेगळे करून पाहा. जवळजवळ प्रत्येकाचा नफा बटन आणि त्याच्या उजव्या बाजूच्या जागेवरून आलेला असतो, आणि तोटा ब्लाइंडमधून. ब्लाइंडमधला तोटा कुणालाच शून्यावर आणता येत नाही, तो कमी करणं एवढंच हातात असतं. पण "मी आधीच पैसे टाकलेत" म्हणून ब्लाइंडमधून सरसकट कॉल करणारे तो दुप्पट करून ठेवतात. टाकलेले पैसे पॉटचे, म्हणजे मधल्या ढिगाचे, झाले. ते आता तुमचे नाहीत.

आता एक पूर्ण डाव पाहू, कारण रेंज मोजणं म्हणजे काय हे उदाहरणाशिवाय कळत नाही.

टेबलावर सहा जण आहेत, प्रत्येकाकडे 100 बिग ब्लाइंड. तुम्ही बटनवर आहात, हातात किलवर एक्का आणि इस्पिक राणी. तुम्ही 2.5 बिग ब्लाइंडचा (पुढचे आकडेही त्यातच) रेझ करता, स्मॉल ब्लाइंड सोडतो, बिग ब्लाइंड कॉल करतो. हा खेळाडू जपून खेळणारा आहे. पॉट 5.5. फ्लॉप येतो: बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. तो चेक, तुम्ही 3.5, तो कॉल. पॉट 12.5. टर्नला चौकट दुर्री. तो चेक, तुम्ही 9, तो कॉल. पॉट 30.5. रिव्हरला इस्पिक दुर्री येते, आणि आतापर्यंत नुसता कॉल करत आलेला हा माणूस अचानक स्वतःहून 30 ची बेट लावतो. काय कराल?

आधी किंमत. 30 टाकून एकूण 90.5 चा पॉट जिंकायचा आहे, म्हणजे साधारण 33 टक्के वेळा तुम्ही पुढे असलात तरी बरोबरी होते. पॉटएवढ्या बेटला नेहमीच तीनपैकी एक वेळ पुढे असावं लागतं. अर्ध्या पॉटच्या बेटला 25 टक्के लागतात, एक तृतीयांशच्या बेटला 20.

आता तुम्हाला हरवणारे हात. अठ्ठीची जोडी: बोर्डावर, म्हणजे टेबलावरच्या उघड्या पानांत, एक अठ्ठी आहे, उरलेल्या तिनांतून 3 कॉम्बो. तिर्रीची जोडी: तसेच 3. राणी-अठ्ठी: जपून खेळणारा माणूस बिग ब्लाइंडमधून ती सुटेडच खेळेल असं धरू. बदाम राणी बोर्डावर आणि इस्पिक राणी तुमच्या हातात आहे, म्हणून फक्त चौकट आणि किलवर राहिले, 2 कॉम्बो. बदाम एक्का आणि बदाम दुर्री: फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) शोधत होता, दुर्री दोनदा लागली, 1 कॉम्बो. एक्का, राजा किंवा राणीची जोडी असती तर त्याने फ्लॉपआधीच पुन्हा रेझ केला असता. हातातली दुर्रीची जोडी त्याने फ्लॉपवरच टाकली असती. एकूण 9.

मग फ्लश न लागलेली बदामाची पानं. एक्क्याबरोबर दश्शी, नव्वी, सत्ती, छक्की, पंजी किंवा चव्वी: 6. राजाबरोबर गुलाम, दश्शी किंवा नव्वी: 3. गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी: 3. नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की, छक्की-पंजी, पंजी-चव्वी: 4. एकूण 16. राणी-गुलामसारखे मधले हात तो इथे चेक करेल, म्हणून ते मोजले नाहीत.

नऊ खरे हात असतील तर कॉल फायद्याचा ठरायला त्याच्याकडून किमान 5 ब्लफ, म्हणजे हरणाऱ्या हाताने लावलेल्या बेट, हवेत. म्हणजे सगळा निर्णय एका गोष्टीवर येऊन थांबतो: हुकलेल्या 16 पैकी किती हात घेऊन हा माणूस 30 टाकेल? त्यातले एक तृतीयांश जरी टाकत असेल तर तुम्ही सुमारे 37 टक्के वेळा पुढे आहात आणि कॉल करायला हवा. तो चारातून एकच टाकत असेल तर 31 टक्के, म्हणजे फोल्ड. कधीच ब्लफ न करणारा असेल तर विचारही नको. पाहा, "माझ्याकडे वरची जोडी आणि एक्का आहे" हे वाक्य या हिशेबात कुठेच आलं नाही.

आता फक्त एक पान बदलू. तुमच्या हातात किलवरऐवजी बदाम एक्का आहे असं समजा. ताकद तीच, वरची जोडी आणि एक्का. पण बदाम एक्का तुमच्याकडे असल्यामुळे त्याच्या ब्लफमधले एक्क्याचे सहाही कॉम्बो गेले, उरले 10. खऱ्या हातांतून फक्त एक गेला, उरले 8. तोच एक तृतीयांश ब्लफ करणारा माणूस आता तुम्हाला 29 टक्केच देतो. आधी कॉल होता, आता फोल्ड. याला ब्लॉकर म्हणतात. हातात फ्लशचं मोठं पान असलं की उलट जास्त धीर येतो, आणि इथे ते पान तुमच्या विरुद्ध काम करत होतं. मला हा पोकरचा सर्वांत सुंदर भाग वाटतो: एकाच ताकदीच्या दोन हातांचं उत्तर वेगळं येतं, आणि ते का वेगळं येतं हे कागदावर दाखवता येतं.

टेबलावर वीस सेकंदांत एवढं मोजता येत नाही, हे खरं आहे. म्हणूनच ते घरी मोजायचं. वेगवेगळ्या बोर्डांवर असे डाव कागदावर मांडत गेलात की हळूहळू "इथे फ्लश शोधणारे हात भरपूर आहेत" किंवा "इथे ब्लफ करायला काही उरलंच नाही" हे न मोजता जाणवायला लागतं. अनुभवी खेळाडूंची म्हणून जी अंतःप्रेरणा सांगितली जाते, ती बहुतेक अशीच तयार झालेली असते.

ड्रॉ, म्हणजे एखादं पान लागलं तर पूर्ण होणारा हात, खेळताना एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबायलाच हवं. फ्लॉपवर फ्लश ड्रॉ असेल तर 9 पानं तुमच्या कामाची असतात आणि रिव्हरपर्यंत फ्लश लागण्याची शक्यता सुमारे 35 टक्के. दोन पानं यायची असतील तर पानांच्या संख्येला चाराने गुणा, एक यायचं असेल तर दोनाने, हा ढोबळ नियम बहुतेकांना माहीत असतो. घोळ असा होतो की समोरचा अर्धा पॉट लावतो, कॉलला 25 टक्के लागतात, हातात 35 आहेत, म्हणून आनंदाने कॉल. पण 35 टक्के दोन पानांचे आहेत आणि तुम्ही पैसे एकाच पानाचे भरताय. टर्नला तो पुन्हा बेट लावणार आहे. एका पानावर शक्यता 19 टक्केच. पॉट 10 असताना त्याने 5 लावले, तर 15 जिंकण्यासाठी तुम्ही 5 टाकता. 19 टक्क्यांवर हा कॉल परवडायचा तर फ्लश लागल्यावर पुढच्या फेऱ्यांत त्याच्याकडून सरासरी आणखी 6 तरी मिळायला हवेत. मिळतील का? त्याच्यापुढे पुरेसे पैसे आहेत का? त्या चिन्हाचं तिसरं पान टेबलावर पडलं की तो घाबरून थांबणारा आहे का? तुमचा फ्लश छोटा असून त्याचाच मोठा निघेल का? उत्तर बऱ्याचदा "हो, कॉल" असंच येतं, पण ते या प्रश्नांतून यायला हवं. ऑल-इन झालं (समोरचे सगळे पैसे लागले) असेल तर मात्र 35 टक्के थेट धरा, कारण दोन्ही पानं दिसणारच आहेत.

बेट लावण्यापूर्वी स्वतःला एक वाक्य पूर्ण करायला लावा: "माझ्यापेक्षा कमी असलेले अमुक हात कॉल करतील" किंवा "माझ्यापेक्षा वरचे अमुक हात सोडतील". हातांची नावं घ्यायची. दोन्हींपैकी एकही वाक्य पूर्ण होत नसेल तर बहुतेक वेळा चेक बरा. "मी कुठे आहे ते कळावं म्हणून" लावलेली बेट हे कारण मला कधीच पटलेलं नाही. कमी हात सोडून जातात, वरचे राहतात, आणि ती माहिती तुम्ही भरपूर पैसे मोजून घेतलेली असते.

ब्लफचं गणितही सोपं आहे. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनपैकी एक वेळ चालला की बरोबरी होते, पूर्ण पॉटचा दोनपैकी एक वेळ. खरा प्रश्न कोणते हात घेऊन ब्लफ करायचा हा आहे. जॉन फॉन नॉयमन यांचा खेळांच्या सिद्धांतावरचा पहिला मोठा निबंध 1928 चा. पुढे 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचं एक अगदी साधं रूप गणिताने सोडवून दाखवलं. त्यातून निघालेली गोष्ट आजही तितकीच लागू आहे: बेट सर्वांत चांगल्या हातांनी लावायची आणि सर्वांत वाईट हातांनी, मधल्या हातांनी चेक करायचं. मधला हात चेक करूनही कधीकधी जिंकतो, त्याला ब्लफमध्ये खर्च करणं म्हणजे ती किंमत फेकून देणं. वाईट हाताला चेक करून जिंकण्याची संधीच नसते, म्हणून ब्लफचा भार त्याने उचलायचा. रिव्हरच्या आधीच्या फेऱ्यांत ड्रॉ घेऊन ब्लफ करा, कारण पकडले गेलात तरी पान लागून जिंकण्याची वाट उघडी राहते.

हे सगळं शिकल्यावर नव्या उत्साहात लोक खूप ब्लफ करायला लागतात. तुम्ही खेळता त्या टेबलांवर माझा सल्ला उलट आहे. छोट्या रकमेच्या टेबलांवर माणसं कॉल करायलाच बसलेली असतात. तिथे नफा येतो तो चांगल्या हाताने तिन्ही फेऱ्यांत पुरेशी मोठी बेट लावण्यातून. वरची जोडी आणि चांगला किकर (जोडीबरोबरचं हातातलं दुसरं पान) घेऊन रिव्हरला घाबरून चेक करणारे खेळाडू ब्लफ न करणाऱ्यांपेक्षा जास्त पैसे सोडतात. दर डावामागे कापला जाणारा रेक, म्हणजे टेबल चालवणाऱ्याचा हिस्सा, हाही ध्यानात ठेवा. लहान पॉट जिंकत राहून रेकला हरवता येत नाही.

समोरचा माणूस कसा आहे हे ओळखण्यासाठी लोक डोळे आणि हातांची थरथर बघत बसतात. थोडंफार कळतं, नाही असं नाही. पण त्यापेक्षा कितीतरी भरवशाच्या गोष्टी सगळ्यांसमोर उघड्या पडलेल्या असतात: तो किती हात खेळतो, त्यातले किती रेझ करून, बेटचा आकार कधी बदलतो, आणि शेवटी पानं दाखवली तेव्हा काय निघालं. सहा जणांच्या टेबलावर विचार करून खेळणारा साधारण 20 ते 25 टक्के हात खेळतो. पन्नास टक्के खेळणाऱ्याच्या रेंजमध्ये अर्धा कचरा आहे, त्याच्याविरुद्ध तुमची वरची जोडी मोठा हात आहे. बारा टक्के खेळणाऱ्याने टर्नला रेझ केला तर तीच जोडी निमूटपणे टाकायची. तुम्ही डावात नसता तेव्हा फोन बाजूला ठेवून दाखवलेली पानं पाहा आणि मागे जा: या हाताने फ्लॉपवर त्याने काय केलं होतं, किती लावले होते? रेंजचा सराव तिथे फुकटात होतो. आणि जागा निवडायची संधी असेल तर सैल, आक्रमक खेळाडूच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे तो बहुतेक वेळा तुमच्या आधी बोलेल.

आता त्या उणे हिशेबाबद्दल. तो तुमच्या खेळाबद्दल तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी सांगतो. आकड्यांत पाहू. समजा, एक खरोखर चांगला खेळाडू दर 100 हातांमागे 5 बिग ब्लाइंड कमावतो. नो-लिमिटमध्ये 100 हातांचं प्रमाण विचलन (निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो त्याचं माप) 90 बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. 10,000 हातांनंतर त्याचा अपेक्षित नफा 500, पण विचलन 900. म्हणजे चांगलं खेळूनही 10,000 हातांनंतर तोट्यात असण्याची शक्यता जवळजवळ 29 टक्के! एक लाख हात झाल्यावर ती 4 टक्क्यांपर्यंत उतरते. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात वाटले जातात, तेव्हा 10,000 हात म्हणजे किती तास हे तुम्हीच मोजा. एका महिन्याच्या निकालावरून खेळ बदलू नका. मागच्या महिन्यात जिंकलात म्हणून खेळ चांगला आहे असंही समजू नका, ही दुसरी चूक जास्त घातक असते.

याच हिशेबामुळे खेळासाठीचे पैसे घरखर्चापासून पूर्ण वेगळे हवेत. कॅश गेमसाठी किमान तीस-चाळीस बाय-इन (टेबलावर बसताना एका वेळी घ्यायची रक्कम) हाताशी असावेत, आणि ते निम्म्यावर आले की एक पायरी खाली उतरावं. गेलेले पैसे परत मिळवायला वरच्या टेबलावर बसणं, खेळासाठी उसने घेणं, घरच्यांपासून रकमा लपवणं, यातलं काहीही होत असेल तर तो प्रश्न कौशल्याचा राहिलेला नाही. तेव्हा खेळ थांबवा आणि विश्वासातल्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला. आणि राहता तिथे पैशांनी खेळण्याबद्दल कायदा काय म्हणतो, ते आधी पाहा. या लेखातला सगळा अभ्यास बिनपैशांच्या टेबलावरही होतो.

निकाल एवढा कमी सांगत असेल तर सुधारणा मोजायची कशाने? निर्णयांनी. प्रत्येक बैठकीतले तुम्हाला अवघड गेलेले तीन-चार डाव लिहून ठेवा, जिंकलेलेही. लिहिताना शेवटी त्याची पानं काय निघाली ते झाकून ठेवा. पॉट, बेटचे आकार, कोण कुठे बसलं होतं, आणि त्या क्षणी तुमच्या डोक्यात काय कारण होतं, एवढं लिहा. दोन दिवसांनी वर केलं तसं कॉम्बो मोजा. मग हातांची जिंकण्याची टक्केवारी दाखवणाऱ्या साध्या मोफत कॅल्क्युलेटरमध्ये तुमचा हात विरुद्ध त्याची रेंज घाला आणि तुमचा अंदाज किती चुकला ते पाहा. आठवड्यातला खेळायचा जितका वेळ आहे, त्याचा किमान चौथा हिस्सा याला द्या. अभ्यास करणारा एक जोडीदार मिळाला तर फारच उत्तम. आपलं कारण दुसऱ्याला मोठ्याने सांगताना त्यातली भोकं आपल्यालाच ऐकू येतात.

सॉल्व्हर? आज घेऊ नका. संगणक या खेळात माणसाच्या पुढे गेला आहे यात वाद नाही. अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये दोघांचा लिमिट (बेटच्या रकमा ठरलेला) होल्डेम व्यवहारापुरता पूर्ण सोडवल्याचं दाखवलं. 2017 च्या जानेवारीत कार्नेगी मेलनच्या लिब्राटसने दोघांच्या नो-लिमिटमध्ये चार व्यावसायिकांना 1,20,000 हातांत हरवलं. पण सॉल्व्हर जे उत्तर देतो ते समोरचाही अचूक खेळतोय असं धरून दिलेलं असतं. तुमच्या टेबलावर तसं कुणी नाही. "या हाताने 37 टक्के वेळा बेट, बाकी चेक" हे पाठ करून हाती काही लागत नाही. कोरड्या (ड्रॉ जवळजवळ नसलेल्या) बोर्डावर छोटी बेट आणि ओल्या (ड्रॉ भरपूर असलेल्या) बोर्डावर मोठी का, अमुक पान ब्लफला का चांगलं, हे "का" शोधण्यासाठी तो उत्तम आहे. कागदावर कॉम्बो मोजायची सवय लागली की हे प्रश्न तुम्हालाच पडायला लागतील. तेव्हा घ्या.

एक गोष्ट अभ्यासाने सुटत नाही: चांगलं खेळून मोठा पॉट हरल्यानंतरची वीस मिनिटं. सगळं शिकलेलं तेव्हा बाजूला पडतं, कारण रागावलेला माणूस पुन्हा "माझ्याकडे काय आहे" वर येतो. तिथे मनोबलावर विसंबू नका, आधीच नियम करा. तीन बाय-इन गेले की उठायचं. ठरलेली वेळ झाली की उठायचं, जिंकत असलात तरी. हरलेल्या पॉटनंतर टेबल सोडून चार मिनिटं चालून यायचं. मी पाहिलेल्या खेळाडूंत वर्षानुवर्षं टिकून राहिलेले सगळे या बाबतीत कठोर होते, आणि त्यांच्याहून हुशार पण हे न पाळणारे बरेच जण टिकले नाहीत.

राहिला टूर्नामेंटचा प्रश्न. वळायला हरकत नाही, पण सध्याचा खेळ तिथे सुधारेल या आशेने वळू नका. कॅश गेममध्ये पैसे खोल असतात, टर्न आणि रिव्हरचे निर्णय वारंवार येतात, म्हणून रेंज मोजायला तीच जागा चांगली. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड वाढत जातात, बराच खेळ 15-25 बिग ब्लाइंडवर होतो आणि फ्लॉपआधीचे ऑल-इन जास्त महत्त्वाचे ठरतात. चढउतारही मोठे असतात, त्यामुळे तीस-चाळीस बाय-इन अजिबात पुरत नाहीत, शंभरच्या वरच ठेवावे लागतात. शिवाय तिथे चिप आणि पैसे यांचा हिशेब सरळ नसतो. चिप दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसातला तुमचा अपेक्षित वाटा दुप्पट होत नाही, पण चिप संपल्या की तो वाटा तिथेच संपतो. बक्षिसांच्या यादीत यायला एक-दोन जण बाहेर पडायचे असतील, तुमच्याकडे मध्यम ढीग असेल आणि तुम्हाला बाहेर काढू शकेल एवढ्या मोठ्या ढिगाने ऑल-इन केलं असेल, तर पॉटच्या गणिताने योग्य दिसणारा कॉलही तिथे फोल्ड असू शकतो. टूर्नामेंट खेळायच्या ठरवल्यात तर पहिला अभ्यास याच जागेचा करा, कारण बहुतेक जण तिथेही कॅश गेमचेच आकडे लावून कॉल करतात.